शिकवणाऱ्या हातांचे शिक्षण

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत औद्योगिक प्रशिक्षण क्षेत्रातील आजी-माजी शिक्षकांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही एकेकट्याने बोलत नाही, पाच-सहा जणांच्या वतीने बोलत आहोत. आमच्यातले कोणी फिटर ट्रेड शिकवतात, कोणी टर्नर, कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी मोटार मेकॅनिक. काही जण निवृत्त झाले, काही अजून रोज सकाळी वर्कशॉपचे कुलूप उघडतात. महाराष्ट्रात आमच्या पदाला शिल्पनिदेशक म्हणतात, आपल्याकडे गुजरातमध्ये सुपरवायझर इन्स्ट्रक्टर. मुले मात्र दोन्हीकडे ‘सर’च म्हणतात.

गणपती ही चौदा विद्या आणि चौसष्ट कलांची देवता. विद्यांचा गौरव आपण भरपूर करतो. दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार याच व्यासपीठावर दरवर्षी होतो आणि तो व्हायलाच हवा. पण या मंडपाची वायरिंग ज्यांनी केली, कमानीचे वेल्डिंग ज्यांनी केले, जनरेटर बंद पडू नये म्हणून जे आत्ता मागे उभे आहेत, ती मुलेही कुणाकडून तरी शिकली आहेत. त्यांना शिकवणारा माणूस स्वतः कुठे शिकतो, किती शिकतो आणि एकदा नोकरीला लागल्यावर त्याचे शिकणे चालू राहते की थांबते, हा आजचा विषय आहे. विषय जरा रुक्ष वाटेल. पण ज्यांच्या घरातले मूल उद्या आयटीआयला जाणार आहे आणि ज्यांच्या कारखान्यात ते मूल परवा कामाला येणार आहे, त्या दोघांच्याही पोटापाण्याशी त्याचा संबंध आहे.

बडोद्यात हा विषय मांडताना कलाभवनापासूनच सुरुवात करावी लागते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केले, तेव्हा हिंदुस्थानात शिकलेल्या माणसाने हाताने काम करायचे नसते अशीच समजूत होती. महाराजांनी त्या कामासाठी माणूस निवडला तो प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जर मूळचे सुरतेचे, सुतारकाम करणाऱ्या समाजातले, आणि शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. म्हणजे हत्यार आणि पुस्तक दोन्ही त्यांच्या घरचे. तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. याच कलाभवनात पुढे चित्रपटमहर्षी झालेले दादासाहेब फाळके शिकले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवन त्याचा भाग झाले.

गज्जरांच्या चरित्रातली एक गोष्ट आमच्या विषयाला फार जवळची आहे. ते नुसते वर्गात शिकवणारे प्राध्यापक राहिले नाहीत. १९०७ मध्ये अलेंबिकची सुरुवात झाली, तेव्हा गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन हेच त्यामागे होते. गुरूचा एक पाय वर्गात आणि दुसरा कारखान्यात होता, म्हणून शिष्यांना वर्गातून कारखान्यात जायची वाट सापडली. सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाला जे उमगले होते, ते आज आपण पुन्हा शिकायची गरज आहे. आजच्या भाषणात एवढेच सांगायचे आहे. बाकी सगळे त्याचे स्पष्टीकरण समजा.

व्यवसाय शिकवणाऱ्या माणसाला दोन धंदे यावे लागतात. पहिला त्याचा ट्रेड आणि दुसरा शिकवण्याचा. पुष्कळांना वाटते की पहिला आला म्हणजे दुसरा आपोआप येतो. उत्तम कारागीर हा उत्तम गुरू असणारच, असे आपण गृहीत धरतो. अनुभव तसा नाही. वीस वर्षे लेथवर काढलेल्या माणसाचे हात इतके सरावलेले असतात की आपण काय काय करतो हे त्याचे त्यालाच कळत नाही. जॉब चकमध्ये बांधताना तो चक हाताने किंचित फिरवून पाहतो, आवाज ऐकतो, बोटाने जॉबचा कंप जोखतो, आणि मुलांना सांगतो, “असा बांधायचा आणि मशीन सुरू करायची.” मधल्या चार गोष्टी सांगायच्या राहून जातात. मुलाला त्या दिसत नाहीत, कारण त्या बघायच्या असतात हेच त्याला माहीत नसते.

म्हणून शिकवण्याचा धंदा वेगळा शिकावा लागतो. त्यातल्या काही गोष्टी ऐकायला अगदी साध्या वाटतात. प्रात्यक्षिक दाखवताना मुले समोर उभी राहिली तर त्यांना सगळे उलटे दिसते. आपला उजवा हात त्यांच्या डाव्या बाजूला येतो. म्हणून मुलांना आपल्या बाजूला, आपल्या खांद्यामागून पाहता येईल असे उभे करायचे. एक काम आधी नेहमीच्या वेगाने करून दाखवायचे, मग हळू, टप्पा सुटा करून, आणि प्रत्येक टप्प्याला ‘इथे नेमके काय सांभाळायचे’ ते बोलून. मग मुलाकडून करवून घ्यायचे, तेही त्याला तोंडाने सांगायला लावून. हात बरोबर चालला पण तोंडाने कारण सांगता आले नाही, तर ती नक्कल झाली. ते शिकणे झाले नाही.

सुरक्षेचेही तसेच. चकची चावी चकमध्येच राहिली आणि मशीन सुरू झाली, तर ती चावी गोळीसारखी उडते. ‘काळजी घ्या’ हे भिंतीवर लिहून अपघात टळत नाहीत. चावी चकमधून बाहेर काढल्याशिवाय तिच्यावरचा हात सोडायचा नाही, ही सवय पहिल्या आठवड्यात अंगी भिनवावी लागते. सवय कशी लावायची, हे शिकवण्याच्या धंद्याचे ज्ञान आहे. लेथ चालवता येते म्हणून ते येत नाही.

हे ज्ञान देण्याची सोय आपल्या देशात बरीच जुनी आहे. आयटीआयमधून कारागीर घडवण्याची योजना १९५० सालची. पण शिकवणाऱ्यांना घडवणारी पहिली संस्था त्याच्याही आधी, १९४८ मध्ये, बिलासपूरजवळ कोनी येथे निघाली. योजना आखणाऱ्यांना क्रम बरोबर कळला होता. आधी गुरू, मग शाळा. पुढे मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कानपूर, लुधियाना, हावडा अशा ठिकाणी मोठ्या संस्था उभ्या राहिल्या. आज त्यांना राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणतात. स्त्रियांसाठीची अशी एक संस्था आपल्या बडोद्यातही आहे. या संस्थांत एक वर्षाचा शिल्प-प्रशिक्षक अभ्यासक्रम असतो. त्यात ट्रेडचे वरच्या पातळीवरचे काम आणि शिकवण्याची पद्धत, असे दोन्ही भाग असतात. पाठाची आखणी, प्रात्यक्षिकाची आखणी, प्रश्नपत्रिका काढणे, वर्कशॉप सांभाळणे, सगळे येते. आमच्यापैकी ज्यांनी तो केला, ते सांगतात की त्या वर्षात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या हाताकडे न पाहता त्यांच्या शिकवण्याकडे पाहिले.

मग अडचण कुठे आहे? ती अशी की हे शिक्षण बहुतेकांना नोकरीच्या सुरुवातीला एकदाच मिळते आणि नोकरी पुढे तीस-तीस वर्षे चालते. शिकवण्याची पद्धत तीस वर्षांत फारशी बदलत नाही, हे मान्य. पण पहिला धंदा, म्हणजे ट्रेड, तो बदलतो. आणि हल्ली तो झपाट्याने बदलतो.

मोटार मेकॅनिकचे उदाहरण घ्या. कार्बुरेटर उघडणे, साफ करणे, जेट बसवणे, ट्यूनिंग करणे, यात आमच्या पिढीची हयात गेली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, सेन्सर आले, दोष शोधण्यासाठी स्कॅनर आला. त्यापाठोपाठ विजेवरची वाहने आली. तिथे चूक झाली तर नुसते हात काळे होत नाहीत, जिवावर बेतते. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टर जोडता येणे हा एके काळी हुशारीचा कळस होता. आज मकरपुऱ्याच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात मोटारीमागे ड्राइव्ह असतो आणि पॅनलमध्ये पीएलसी. टर्नरला पूर्वी हायस्पीड स्टीलचे हत्यार ग्राइंडरवर घासून कोन काढता येणे आवश्यक होते. आज कार्बाइडचे इन्सर्ट तयार येते, धार गेली की फिरवून बसवायचे किंवा नवे लावायचे.

आता इथे एक सावधगिरी. जुने ते सगळे टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. हातात कानस घेऊन पृष्ठभाग सपाट करायला लावणे हे कालबाह्य झाले, असे काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. कानस घासताना मुलाला धातू कळतो, काटकोन कळतो, एक मिलिमीटर म्हणजे किती आणि त्याचा दहावा भाग म्हणजे किती, हे मनगटाला कळते. ज्याला ते कळले, तो सीएनसीच्या पडद्यावर आकडा भरताना विचार करतो. ज्याला कळले नाही, तो आकडा नुसता भरतो. गंमत म्हणजे ‘कानस’ हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच आहे. बडोद्याच्या वर्कशॉपमध्ये त्याचे भाषांतर करावे लागत नाही.

तेव्हा प्रश्न जुने की नवे असा नाहीच. जुन्यातले काय पाया म्हणून ठेवायचे आणि काय नुसते सवयीने चालले आहे, याची निवड करायची आहे. ती निवड कोण करणार? अभ्यासक्रम दिल्लीहून येतो, पण मंगळवारी सकाळी दहा वाजता लेथसमोर काय सांगायचे, हे ठरवणारा शिक्षकच असतो. त्याने आजचा कारखाना आतून पाहिलेला नसेल, तर तो कशाच्या आधारावर निवडणार? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर नेहमीचे उत्तर म्हणजे उजळणी वर्ग. ते होतात, चांगलेही असतात. पण त्यांच्या मर्यादा घरातल्या माणसांनी घरातल्यांना सांगाव्यात तशा सांगतो. शिक्षक आठवडाभर दुसऱ्या शहरात गेला, तर मागे वीस मुलांच्या तुकडीकडे कोण पाहणार? मशीन चालू असलेल्या खोलीत मुलांना एकटे सोडता येत नाही. मग तुकडी दुसऱ्या सरांच्या गळ्यात, आणि त्यांच्याकडे आधीच एक तुकडी. त्यामुळे जाणाऱ्याला बरोबरच्यांचे ओझे वाटते आणि पुढच्या वेळी तो नावच देत नाही. दुसरे म्हणजे, अशा वर्गात कधी कधी पाच दिवस पडद्यावर मशीनची चित्रे पाहायला मिळतात, मशीनला हात लावायला मिळत नाही. पोहायला शिकवणाऱ्याला पाण्याची चित्रे दाखवावीत, तसे ते होते.

आम्ही काही जणांनी गेल्या काही वर्षांत आपल्या परीने दोन गोष्टी करून पाहिल्या. त्या सांगण्यासारख्या आहेत, कारण त्यांना पैसा लागला नाही.

पहिली गोष्ट अशी. महिन्यातून एका रविवारी आम्ही एकत्र बसतो. एकाने आपल्या ट्रेडचा एक पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे. वेल्डिंगच्या सरांनी फिटरच्या सरांच्या हातात टॉर्च दिला की फिटरचे सर पुन्हा सोळा वर्षांचे होतात. न येणे म्हणजे काय, हात थरथरणे म्हणजे काय, सर भरभर बोलले की मागे पडणे म्हणजे काय, ते आठवते. पाठ संपल्यावर प्रत्येकाने एकच सांगायचे, ‘मला नेमके कुठे कळले नाही.’ कौतुक नाही, टीकाही नाही. शिकवण्याच्या धंद्याला धार लावायला याहून चांगली सहाण आम्हाला सापडलेली नाही.

दुसरी गोष्ट कारखान्यात जाण्याची. कारखान्याची सहल वेगळी आणि कारखान्यात उभे राहणे वेगळे. सहलीत चहा मिळतो, चकचकीत मशीन दाखवतात, फोटो निघतो. आम्ही सुट्टीत दहा-बारा दिवस, कामगारांच्या वेळेत, एकाच मशीनजवळ उभे राहायचे ठरवले. परवानगी मिळवणे सोपे नव्हते. एका ठिकाणी तर दारावरच सांगितले, “मास्तर लोकांचे इथे काय काम?” शेवटी एका लहान युनिटच्या मालकांनी दार उघडले.

तिथे आम्हाला जे कळले, ते कुठल्याही पुस्तकात नव्हते. आमची समजूत होती की मुले प्रोग्रॅमिंगमध्ये कमी पडतात. मालक म्हणाले, प्रोग्रॅम आम्ही महिनाभरात शिकवतो. त्यांचा माल परत यायचा तो वेगळ्याच कारणांनी. कडेची बर नीट काढलेली नसायची. मायक्रोमीटर लावण्यापूर्वी जॉब पुसलेला नसायचा. माप घेतले तरी लिहिलेले नसायचे, त्यामुळे माप हळूहळू सरकते आहे हे कोणाला वेळेवर दिसायचे नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, काही बिघडले तर मुलगा सांगायचा नाही, लपवायचा. कारण शाळेत जॉब बिघडला की मार्क कापले जातात, एवढेच तो शिकून आला होता.

परतल्यावर वर्कशॉपमध्ये आम्ही तीनच बदल केले. प्रत्येक जॉबची बर काढून, पुसून, मग तपासणी. प्रत्येक मापाची नोंद मुलाने स्वतःच्या हाताने ठेवायची. आणि जॉब बिघडला तर तो लपवायचा नाही, टेबलावर ठेवायचा आणि का बिघडला ते सांगायचे. नीट कारण सांगितले तर त्याचे गुण मिळतील. यातल्या कशालाही नवी मशीन लागली नाही. पण हे बदल सुचायला शिक्षकाला दहा दिवस कारखान्यात उभे राहावे लागले.

याची एक दुसरी बाजूही आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार आपली मुले शिकाऊ म्हणून कारखान्यांत जातात. तिथे त्यांना कोण शिकवते? बहुधा एखादा कुशल पण आधीच कामात बुडालेला सुपरवायझर. त्याला शिकवण्याचा धंदा कोणी शिकवलेलाच नसतो. मग शिकाऊ मुलगा वर्षभर झाडू मारतो किंवा एकच बटण दाबतो. जर्मनीच्या दुहेरी प्रशिक्षण पद्धतीचे आपल्याकडे फार कौतुक होते. मुलगा काही दिवस शाळेत, काही दिवस कारखान्यात, एवढेच आपण पाहतो. पण तिथे कारखान्यात शिकाऊंना शिकवणाऱ्या माणसालाही शिकवण्याच्या पात्रतेची वेगळी परीक्षा असते, हे आपण सोडून देतो. त्या पद्धतीचा कणा तोच आहे. शाळेतल्या शिक्षकाला कारखाना कळला पाहिजे आणि कारखान्यातल्या कारागिराला शिकवणे कळले पाहिजे.

हे सगळे आताच का सांगायचे? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासूनच मुलांना व्यवसाय शिक्षणाची ओळख करून द्यायचे ठरवले आहे. उद्देश उत्तम आहे. पण एवढ्या शाळांत ते शिकवणार कोण? भोपाळला १९९३ पासून याच कामासाठी एक केंद्रीय संस्था आहे. पण एका संस्थेने सगळ्या देशाचे शिक्षक तयार व्हायचे नाहीत. गावोगावच्या समाजाने हातभार लावला नाही, तर व्यवसाय शिक्षण म्हणजे शनिवारच्या तासाला कागदी फुले करणे, एवढेच होऊन बसेल.

म्हणून या व्यासपीठावरून आमच्या तीन विनंत्या आहेत. देणगीची पावती फाडायची नाही, हे आधीच सांगतो.

पहिली विनंती सभागृहातल्या कारखानदारांना आणि अधिकाऱ्यांना. मकरपुरा, वाघोडिया, सावली, हालोल, कुठेही तुमचे युनिट असो, वर्षातून एका शिक्षकाला दहा दिवस उभे राहू द्या. त्याला पगार नको, जेवण नको. हेल्मेट, बूट, विम्याचा कागद यांची जबाबदारी आम्ही आमच्या संस्थांमार्फत घेऊ. तुमच्या मालाची गुपिते आम्हाला नकोत. तुमचा माल कशामुळे परत येतो, एवढेच सांगा. ‘आयटीआयच्या पोरांना काही येत नाही’ असे तुम्ही म्हणता, तेव्हा आम्हाला राग येत नाही. पण काय येत नाही, ते आम्हाला दाखवा. त्याच्या बदल्यात तुमच्या सुपरवायझरांना शिकाऊ मुलांना कसे शिकवायचे, हे आम्ही दोन रविवारांत शिकवू. ही देवाणघेवाण आहे, उपकार नव्हेत.

दुसरी विनंती निवृत्त मंडळींना. टर्नर, टूलमेकर, मेंटेनन्सवाले असे कितीतरी जण आज समोर बसलेले दिसतात. कोणी शिक्षक प्रशिक्षणाला गेले की आठवडाभर त्यांच्या तुकडीशेजारी उभे राहायला तुम्ही या. संस्थेची रीतसर परवानगी आम्ही काढू. तुमच्यामुळे एक शिक्षक शिकायला जाऊ शकेल, आणि त्याच्या हाताखाली पुढे किती तुकड्या जातील ते मोजा.

तिसरी विनंती आई-वडिलांना. प्रवेश घेताना तुम्ही फी विचारता, नोकरी लागेल का विचारता. आणखी एक प्रश्न विचारा, ‘इथले सर शेवटचे कारखान्यात कधी गेले होते?’ हा प्रश्न दहा पालकांनी विचारला, तर तो प्राचार्यांच्या टेबलावर पोहोचेल. पन्नासांनी विचारला, तर वरच्या कार्यालयात पोहोचेल.

आता थोड्याच दिवसांत खंडेनवमी येईल. आम्ही वर्कशॉप धुऊन काढू, लेथला हळदकुंकू वाहू, पकड, पाना, कानस मांडून त्यांची पूजा करू. मुले फार प्रेमाने ते करतात. हत्याराची पूजा म्हणजे त्याला गंज चढू न देणे, असे आम्ही त्यांना सांगतो. शिक्षकाच्या ज्ञानालाही तोच नियम आहे. ते वापरात राहिले पाहिजे, घासले गेले पाहिजे, आणि त्यासाठी त्याला वर्कशॉपच्या दाराबाहेर पाऊल टाकता आले पाहिजे. ते दार आतून उघडायची आमची तयारी आहे. बाहेरून आपण हात लावावा.



गणपती बाप्पा मोरया!